फार्मा ॲनालिसिसमध्ये (औषधात काय आणि किती आहे ते मोजण्याच्या शास्त्रात) नवीन आहात आणि रिसर्च अवॉर्डसाठी अर्ज भरताय? मग हे वाचा

माझा पहिला अर्ज ११ पानांचा होता. लिनिॲरिटीचा ग्राफ, आर स्क्वेअर ०.९९९८ (रेष किती सरळ बसते तो आकडा, १ म्हणजे अगदी सरळ), रिकव्हरी, प्रिसिजन, रोबस्टनेस, पद्धत बरोबर चालते हे दाखवणारं सगळं टेबलात नीट बसवलेलं, आणि तो पहिल्याच चाळणीत उडाला. तेव्हा वाटलं वशिला लागतो. मग काही वर्षांनी एका छोट्या परिषदेत अर्ज वाचणाऱ्यांमध्ये मलाच बसवलं, आणि एकामागोमाग एक अर्ज वाचताना कळलं की ०.९९९८ सगळ्यांकडेच असतो. व्हॅलिडेशन (पद्धत विश्वासार्ह आहे हे आकड्यांनी सिद्ध करणं) पास झालं हे सांगणं म्हणजे स्वयंपाक्याने गॅस पेटला म्हणून शाबासकी मागण्यासारखं आहे, ते तर व्हायलाच पाहिजे ना.

तर पहिली गोष्ट, कुठे अर्ज करायचा. अवॉर्ड अवॉर्डमध्ये फरक असतो आणि लोक सगळीकडे एकच फाईल पाठवतात. परिषदेतले पोस्टर आणि ओरल अवॉर्ड सगळ्यात जवळचे, पीएचडी चालू असताना पण मिळतात, आणि तिथे ॲबस्ट्रॅक्ट आणि समोरासमोर बोलणं यावरच ठरतं. एचपीएलसी (मिश्रणातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करायचं तंत्र) परिषदांमध्ये चाबा होर्वाथ यांच्या नावाचा यंग सायंटिस्ट अवॉर्ड आहे (हे होर्वाथ म्हणजे एचपीएलसी उभी करणाऱ्यांपैकी एक), तो तरुण संशोधकांच्या व्याख्यानांमधून निवडतात, म्हणजे तिथे सीव्हीपेक्षा स्टेजवरची २० मिनिटं जड. मग सोसायट्यांचे मेडल आणि प्राइझ, उदाहरणार्थ ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं जोसेफ ब्लॅक प्राइझ, ते ॲनालिटिकल सायन्समधल्या अर्ली करिअर लोकांसाठी आहे. जर्मनीच्या मर्क कंपनीचा हाइनरिश इमॅन्युएल मर्क अवॉर्ड १९८८ पासून आहे, तोही ॲनालिटिकल सायन्सचाच आणि वयाची अट ४५. आणि चौथा प्रकार म्हणजे मेडलऐवजी थेट कामाला पैसे देणारे, जसे अमेरिकन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्रीचे (मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणं) रिसर्च अवॉर्ड. पण ते उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठात टेन्युअर ट्रॅकवर (पुढे कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकीवर) लागून ४ वर्षं झाली नसतील अशांनाच मिळतात. म्हणजे बाकी जगातल्या माणसाने त्यावर तीन रविवार घालवू नयेत, मी ओळखतो असा एक जण ज्याने घालवले.

म्हणून एलिजिबिलिटी आधी वाचा, आणि नीट वाचा. 'अर्ली करिअर' म्हणजे काय हे प्रत्येक जण वेगळं मोजतो. कुणी वय बघतो, कुणी पीएचडी मिळाल्यापासूनची वर्षं, कुणी नोकरीतल्या अनुभवाची वर्षं. बाळंतपण, आजारपण, घरातल्या कुणाची देखभाल यासाठी मधे खंड पडला असेल तर बरेच जण तेवढी वर्षं वजा करतात, पण ती तुम्ही स्वतः फॉर्ममध्ये लिहिली तरच. लाजून लिहीत नाहीत लोक. लिहा. एका ओळीत लिहा, सविस्तर कारण सांगायची गरज नसते. दुसरं बघायचं ते म्हणजे अर्ज स्वतः करायचा की कुणीतरी नॉमिनेट करायचं, आणि सभासद असणं लागतं का. सभासदत्व डेडलाईनच्या आदल्या रात्री घेतलं तर नंबर यायला वेळ लागू शकतो आणि फॉर्म पुढे सरकत नाही.

आणि हो, इनबॉक्समध्ये 'अभिनंदन, तुमची यंग सायंटिस्ट अवॉर्डसाठी निवड झाली आहे' असा मेल आला, अर्ज केलेलाच नाही आणि खाली रजिस्ट्रेशन फी आहे, तर तो डिलीट करायचा. खऱ्या अवॉर्डचे मागचे विजेते शोधले की सापडतात, परीक्षक कोण ते कळतं, आणि ते जिंकणाऱ्याकडून ट्रॉफीचे पैसे मागत नाहीत. अशी ट्रॉफी सीव्हीत टाकली तर जाणकार माणूस हसतो, फायदा काही नाही.

आता मुख्य भाग, लिहायचं काय. कमिटीत पाच जण असतील तर तुमचं तंत्र रोज हाताळणारा त्यातला जेमतेम एक असतो. बाकीच्यात कुणी एनएमआरवाला (चुंबकाने रेणूची रचना शोधणारा), कुणी बायोॲनालिसिसवाला (रक्तातलं औषध मोजणारा), कुणी कंपनीतल्या क्यूसीमधून (गुणवत्ता तपासणीतून) आलेला. त्यांना तुमचा ग्रेडियंट (कॉलममधून जाणारं सॉल्व्हंटचं मिश्रण कसं बदलत नेलं ते) नको असतो. तुमच्या मापनामुळे कुठला निर्णय बदलला ते पाहिजे असतं. आपलं शास्त्रच मुळात त्याच्यासाठी आहे, बॅच सोडायची की अडवायची, औषध बाजारात ठेवायचं की काढायचं, हे आपल्या आकड्यावर ठरतं.

नायट्रोसामाईनचंच घ्या, म्हणजे औषधात नको असलेली, कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धं. २०१८ मध्ये वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसामाईन सापडलं आणि सगळ्या लॅब पळायला लागल्या, मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. पुढच्या वर्षी रॅनिटिडीन, ॲसिडिटीचं औषध. तिथे सुरुवातीला आलेले काही आकडे प्रचंड होते, कारण जीसी-एमएसच्या (नमुन्याची वाफ करून मोजायच्या) पद्धतीत नमुना १३० अंश सेल्सिअसला तापवत होते आणि त्या उष्णतेत रॅनिटिडीनपासूनच एनडीएमए बनत होतं, म्हणजे जे मोजायचं ते मोजणाराच तयार करत होता. मग एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) न तापवणारी एलसी-एचआरएमएस (द्रवातच घटक वेगळे करून वस्तुमान फार बारकाईने मोजणारी) पद्धत वापरायला सांगितली. आकडे खाली आले, पण शून्य झाले नाहीत, साठवणुकीतही ते वाढतं हे कळलं आणि २०२० मध्ये रॅनिटिडीन बाजारातून काढायला लावलंच. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या औषधात अजून मजेशीर. एनडीएमएच्या प्रोटॉन लागलेल्या आयनचं वस्तुमान ७५.०५५३, आणि डीएमएफ या सॉल्व्हंटच्या नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड प्रकार) वाल्या आयनचं ७५.०५७१. दोन्ही एकाच वेळी कॉलममधून बाहेर आले आणि मास ॲक्युरसी (वस्तुमान किती काटेकोर जुळायला हवं ते) ढिली ठेवली की डीएमएफच एनडीएमए म्हणून मोजलं जातं.

समजा हे काम तुमचं आहे. बहुतेक जण अर्जात असं लिहितात (आयसीएच म्हणजे औषधांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी संस्था): 'मेटफॉर्मिनमधील एनडीएमएसाठी संवेदनशील व निवडक एलसी-एचआरएमएस पद्धत विकसित करून आयसीएच मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्हॅलिडेट केली.' वाचणारा पुढच्या अर्जावर गेला. आता हे बघा: 'मेटफॉर्मिनच्या नमुन्यांत एनडीएमए जास्त दिसत होतं. त्यातला काही भाग एनडीएमए नव्हताच, तो डीएमएफ होता, दोघांत फरक ०.००१८ डाल्टनचा. मी दोन्हींचे पीक (ग्राफवरचे उंचवटे) कॉलमवरच वेगळे केले आणि मास विंडो (वस्तुमानातली मुभा) आवळली, मग कुठले नमुने खरंच मर्यादेबाहेर आहेत ते ठरवता आलं.' काम तेच. पण दुसऱ्यात अडचण काय, फसगत कुठे होत होती, आणि मी नेमकं काय केलं हे तीन वाक्यांत आलं, आणि एनएमआरवाल्यालाही कळलं.

त्यातला 'मी' महत्त्वाचा. आपल्याला लहानपणापासून 'आम्ही' लिहायची सवय, नम्रपणा म्हणून. अवॉर्डच्या अर्जात 'आम्ही' वाचलं की कमिटी विचारते, यात याचं काय आणि गाईडचं काय? कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, सरांनी काय सुचवलं, सरळ सांगा. सगळं स्वतःच्या नावावर पण घेऊ नका, कारण पेपरमध्ये लेखकांचं योगदान छापलेलं असतं आणि लोक तपासतात.

पेपरची यादी मागितली असेल तेवढीच द्या. पाच म्हटलं तर पाच. इम्पॅक्ट फॅक्टर कंसात लिहायची खोड सोडा, बऱ्याच संस्थांनी २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर सही केलीय आणि तो जाहीरनामा म्हणतो की जर्नलच्या आकड्यावरून माणूस मोजू नका. त्यापेक्षा प्रत्येक पेपरपुढे एक ओळ, हा का महत्त्वाचा. तुमची पद्धत दुसऱ्या लॅबने वापरली असेल, दुसऱ्या लॅबकडे ट्रान्सफर झाली असेल, फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथाच्या) मोनोग्राफमध्ये काही गेलं असेल तर ते सोनं आहे, ते वर घ्या. आणि २०२३ मध्ये आयसीएच क्यू२ (व्हॅलिडेशनची मार्गदर्शिका) ची सुधारित आवृत्ती आणि नवीन क्यू१४ (पद्धत विकसित करायची मार्गदर्शिका) आली, तुमच्या कामात पद्धत बनवतानाचा विचार क्यू१४ च्या अंगाने केलेला असेल तर एका वाक्यात सांगा. नसेल तर उगाच चिकटवू नका. ग्रीन केमिस्ट्रीचंही तसंच, ॲग्रीचं (पद्धत पर्यावरणाला किती सोयीची ते मोजणाऱ्या साधनाचं) रंगीत गोल चित्र सगळेच लावतात, त्याऐवजी एका रनला ॲसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट किती मिली लागायचं आणि आता किती लागतं ते लिहा.

रेकमेंडेशन लेटर. अर्धी लढाई इथेच असते आणि लोक शेवटच्या आठवड्यात मागतात. किमान ६ आठवडे आधी विचारा, आणि विचारताना 'लेटर द्याल का' असं नाही तर 'चांगलं लेटर देता येईल एवढं माझं काम तुम्हाला माहीत आहे का' असं विचारा, म्हणजे नाही म्हणायची वाट मोकळी राहते. कोमट लेटर हे लेटर नसण्यापेक्षा वाईट. एक गाईडचं असू द्या, पण दुसरं तुमच्या लॅबबाहेरच्या माणसाचं, ज्याने तुमची पद्धत वापरली किंवा परिषदेत तुमच्याशी भांडला. त्यांना एका पानाची टिपणं पाठवा, कुठल्या तीन गोष्टी यायला हव्यात, कुठला प्रसंग त्यांना आठवू शकेल. आयतं लेटर लिहून सहीला देऊ नका, दोन लेटरमध्ये एकच वाक्यरचना आली की लगेच कळतं, मी स्वतः असं एक पकडलंय, 'अत्यंत' हा शब्द दोन्हीकडे त्याच चार जागी होता.

मग अर्ज कुणाला तरी वाचायला द्या. केमिस्ट्रीतलाच पण आपल्या विषयाबाहेरचा मित्र उत्तम. वाचून झाल्यावर फाईल बंद करायला सांगा आणि विचारा, मी काय केलं ते सांग. तो 'कसलंतरी एलसी-एमएस' म्हणाला तर पहिला पॅरा परत लिहा.

सबमिट करताना डेडलाईन कुठल्या टाइमझोनची आहे ते बघा, पीडीएफ उघडून बघा, ग्रीक अक्षरं डबे होऊन बसलेली असतात, म्यू जाऊन मायक्रोग्रॅमचं मिलीग्रॅम झालेलं मी पाहिलंय आणि ॲनालिस्टच्या अर्जात ते फार वाईट दिसतं. नाही मिळालं तर एक साधा मेल टाकून अभिप्राय मागा, सगळे देत नाहीत, काही देतात. मला त्या ११ पानांवर आलेला अभिप्राय एका ओळीचा होता: 'पद्धत उत्तम, पण ती कशासाठी ते कळलं नाही.' पुढच्या वर्षी तेच काम मी २ पानांत पाठवलं, सुरुवात त्या बॅचपासून केली जी आमच्या आकड्यामुळे थांबवली होती, आणि लिनिॲरिटीचं टेबल परिशिष्टात ढकललं.