अॅम्बेसेडरचे प्लग बदलले अन् मिसिंग गेलं

आमच्याकडं लातूरला काकांची जुनी पेट्रोल अॅम्बेसेडर आहे, १४८९ सीसीवाली, ती लई दिवस मिसिंग करायली होती, म्हंजे मधीच एखादा सिलिंडर पेटायचा नाही अन् गाडी झटके द्यायची. कार्ब्युरेटर धुतला, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासले, काही फरक नाही. मग ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढून बघितले तर चारही कोरडे काळेकुट्ट, अन् आट्यांची लांबी आखूड, १२.७ मिमीची! ह्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बनावटीच्या इंजिनाला १९ मिमीचे लागतात, आधीच्या कुण्यातरी मिस्त्रीनं मिळाले ते बसवून दिलेले. आखूड प्लगचं टोक भोकातच लपून राहतं, खालच्या मोकळ्या आट्यांत कार्बन बसतो, त्यामुळं लांब प्लग हातानं अर्ध्यावरच अडकायला लागला. पान्यानं जोर लावायचा नाही बरं का, आटे जातात. १४ बाय १.२५ च्या टॅपला (आटे साफ करायचं हत्यार) भरपूर ग्रीस लावून हळूहळू फिरवला, काळा चिखल निघाला नुसता.

आता प्लगचा नंबर, म्हंजे तो किती थंड किंवा गरम ते. थंड प्लग उष्णता लवकर इंजिनाच्या हेडला देऊन टाकतो. एकजण म्हणला आपल्याकडं ऊन लई, थंड प्लग टाका. पण गाडी फिरती गंजगोलाईच्या बाजारात, दुसऱ्या गिअरवर, तिथं थंड प्लग तापतच नाही, काजळी जळायची कशी? म्हणून एनजीकेचा बीपी६ईएस घेतला, ७ नंबर नाही. एनजीकेत नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, दुकानदाराला सुद्धा हे माहीत नसतं कधी कधी.

प्लगच्या टोकाचा गॅप फीलर गेजनं (जाडी मोजायच्या पट्टीनं) ०.६३ मिमी केला. परवा तुळजापूरला जाऊन आल्यावर एक काढून बघितला, टोक फिकट तपकिरी, म्हंजे प्लग बरोबर बसला.