झोन ऑफिसातून काम काढून घ्यायचं असंल तर

ड्रेनेज तुंबलं, खांबावरचा दिवा गेला, पाणी आलं पण प्रेशरच नाही, असं काही झालं की सोलापुरात पहिलं काम काय, तर गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा, खाली दहा जणांनी "काय चाललंय राव हे" लिहायचं आणि सगळ्यांनी झोपायचं. दुसरं काम म्हणजे नगरसेवकाला फोन. करा की फोन, करू नका असं कुठं म्हणतोय मी, पण फोनचा पुरावा राहत नाही आणि सरकारी कामात जे कागदावर नाही ते घडलंच नाही असं धरून चालायचं. म्हणून झोन ऑफिसला, म्हणजे महापालिकेच्या आपल्या भागातल्या ऑफिसला, कागद द्यायचा.

आधी तुमचं काम कसलं आहे ते बघा. जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, घराला नाव लावणं, नवीन नळ, हे सगळं "सेवा" मध्ये येतं, आणि त्याला २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागतो. म्हणजे किती दिवसात द्यायचं ते ठरलेलं, कोण अधिकारी देणार ते ठरलेलं, नाही दिलं तर अपील कुणाकडं ते पण ठरलेलं, आणि ही सगळी यादी ऑफिसात बोर्डावर लावणं बंधनकारक आहे. तो बोर्ड बऱ्याचदा जिन्याखाली नाहीतर कपाटामागं असतो पण असतो, शोधा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून टाकला तर नंबर आपोआप मिळतो, हातानं दिला तर पोच मागून घ्या, कारण मुदत त्या तारखेपासून मोजतात.

इथं नेहमीची गंमत काय होते सांगतो. ओळखीतल्या एक काकू नाव लावायला एका ऑफिसात गेल्या, पहिल्यांदा सांगितलं टॅक्सची पावती आणा, ती नेली तर म्हणे वारसाचा कागद, तो नेला तर संमतीपत्र, आणि हे सगळं तोंडी, काउंटरच्या या बाजूला उभं करून. अशा वेळी वाद घालायचा नाही, फक्त म्हणायचं, "साहेब, काय काय कमी आहे ते या अर्जावरच एकदा लिहून द्या की." एवढ्या वाक्यानं अर्धी त्रुटी तिथंच संपते. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि मुदत उलटली किंवा नाकारला तर ३० दिवसात पहिलं अपील करता येतं, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं असतं. कारण नसताना काम अडवलं असं ठरलं तर दंड ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत आहे, तो ऑफिसच्या नाही, त्या अधिकाऱ्याच्या खिशातून.

आता तक्रार. ड्रेनेज, दिवा, कचरा, खड्डा. यात सगळ्यात जास्त घोळ अर्ज लिहिण्यातच होतो. लोक एकाच कागदावर गेल्या पाच वर्षाचं गाऱ्हाणं लिहितात, चेंबर पण, दिवा पण, घंटागाडी पण, वर शेवटी निवडणुकीचा टोमणा. ही तिन्ही कामं वेगवेगळ्या टेबलची, त्यामुळं कागद पहिल्या टेबलवरच अडकतो आणि पुढं सरकत नाही. एका अर्जात एकच विषय. जागा अशी लिहा की नवीन माणसाला पण सापडली पाहिजे, "मंदिराजवळ" लिहू नका, सोलापुरात मंदिर कुठं नाही, अमक्या खांबाजवळ, अमक्या घर नंबरसमोर असं लिहा. कधीपासून, किती घरांना त्रास, फोटो, फोन नंबर. एक पान पुरे.

दोन प्रती न्यायच्या, एक आवक-जावकला द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. "साहेब मीटिंगला गेलेत, नंतर या" म्हणाले तरी काही बिघडत नाही, आवक करायला साहेब लागत नाहीत. ॲपवर तक्रार टाकली असेल तर टोकनचा स्क्रीनशॉट ठेवा, काम न होताच "निकाली" दिसायला लागलं तर तोच कामाला येतो.

मग तीन-चार दिवसांनी जायचं आणि "काम कधी होणार" हे विचारायचं नाही, त्याला "होतंय" हे एकच उत्तर आहे. विचारायचं, "अर्ज कुणाकडं मार्क झालाय?" मग एक नाव मिळतं, बहुतेक जेईचं, म्हणजे ज्युनियर इंजिनिअरचं, आणि त्याच्याशी नीट बोला. त्याच्याकडं भाग मोठा असतो, माणसं कमी, गाडी कधी दुसरीकडं गेलेली. १९९२ ला हद्दवाढ झाली तेव्हा आजूबाजूची गावं शहरात आली, लाईनी आणि रस्ते मात्र त्या वेगानं आले नाहीत, हा त्याचा दोष नाही. ओरडून तो जेई तुमच्या गल्लीत दुसऱ्यांदा यायचा नाही.

महिना गेला, काहीच नाही, तर माहितीचा अधिकार. १० रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दात. "का केलं नाही" असं विचारलं तर उत्तर येत नाही, कागद मागायचा: "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह छायांकित प्रत मिळावी." उत्तराला ३० दिवस. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी चेंबर साफ करायला गाडी येते, हसू येतं पण चालतंय की.

तरी नाहीच झालं तर लोकशाही दिन, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्त स्वतः लोकांच्या तक्रारी ऐकतात तो. ठराविक नमुन्यात अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, कोर्टात चालू असलेलं प्रकरण घेत नाहीत. जुन्या अर्जाची शिक्क्याची प्रत इथंच उपयोगी पडते, ती नसेल तर परत झोनला पाठवतात.

नगरसेवकांचं म्हणाल तर मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासकच होता, तेवढ्या काळात लोकांना थेट ऑफिसात जायची सवय लागली, ती मोडू नका. प्रभागात चार-चार नगरसेवक असले की प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतो, म्हणून अर्जाच्या खाली "प्रत माहितीस्तव" लिहून चौघांची पण नावं टाकायची.

आणि पाणी. रोज का येत नाही म्हणून चावी सोडणाऱ्या माणसाला शिव्या देऊन काहीच मिळत नाही, उजनी धरण शंभर किलोमीटरवर आहे, पाईपलाईन, टाक्या, गळती हा सगळा मोठा मामला आहे आणि तो बजेट आणि सभागृहात सुटतो, झोनला नाही. झोनला विचारायचं ते एवढंच की आमच्या गल्लीचा वार आणि वेळ काय, आणि लाईनीच्या शेवटच्या घरांना का येत नाही. शेवटच्या घरांची यादी करून, सह्या घेऊन, पाणी आलेल्या दिवशी बादली भरायला किती वेळ लागला त्याचा व्हिडिओ काढून द्या, आणि गल्लीची नवीन लाईन पाहिजे असेल तर तो अर्ज दिवाळीनंतर लगेच आवक करा, कारण पुढच्या वर्षाचं बजेट मार्चच्या आत होतं आणि एकदा झालं की "निधी नाही" हेच ऐकायला मिळतं.