नहपानाचं चांदीचं नाणं वाचताना या चुका टाळा

सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली घबाड सापडलं. क्षहरात घराण्यातल्या शक राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा! असं नाणं दिसलं की नवशिके हमखास म्हणतात, "झिजलंय, काही लागत नाही." इथेच चुकतं.

ते झिजलेलं नाही, त्यावर दोनदा घाव पडलेत. भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा. नहपानाच्या गालावरून सातकर्णीची तीन कमानींची टेकडी चढलेली दिसेल, दुसऱ्या बाजूला नहपानाच्या बाण आणि वज्रावर सातकर्णीचं उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना गोल असलेली फुली. कोणती रेघ कोणतीला कापते ते आधी ठरवा. सलग जाणारी नंतरची. कमानींतून जुनी अक्षरं डोकावतात, ती नव्या ठशात धरून वाचू नका. ही नाणी वितळवली असती तर चांदी पुन्हा ओता, चकत्या पाडा, एकेक तोला, एवढा खटाटोप आला असता. इथे तयार चकतीवर घण घातला की काम झालं. शत्रूचा चेहरा पुसण्याचं राजकारण त्यात आहेच, पण मला त्यात टांकसाळीतल्या मजुरीचा हिशेबही दिसतो.

दुसरी चूक चेहऱ्याची. कुठे नहपान तरुण, कुठे गाल बसलेला, नाक तर दर ठशाला निराळं. त्यावरून राजाचं वय काढत बसू नका. ठसा उलटा आणि खोल कोरावा लागतो, आणि कोरणारे हात अनेक होते. कडेच्या ग्रीक अक्षरांत ग्रीक अर्थही शोधू नका; मजकूर प्राकृतच आहे, आणि काही ठशांवर अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या उरल्यात. कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येत नसावी.

ब्राह्मी लेख अर्धाच दिसतो? घाव सरकला असेल, किंवा चकती लहान पडली असेल.

चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर लांब ठेवा. ही देवघरातली समई नव्हे. जुनी चांदी ठिसूळ होते. शिवाय घावाने धातू सरकल्याच्या बारीक रेषा घासल्या की जातात, आणि अस्सल नाणं ओळखताना त्यांचाच आधार असतो. ओतीव नकलेत त्या रेषा नसतात. बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि कडेला साच्याचा सांधा सापडू शकतो.

नाणी शेतात पुरलेली मिळाली तर घरात वाटून घेऊ नका. दहा रुपयांवरचा गुप्त ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असं १८७८ चा कायदा सांगतो. शिवाय ढीग फुटला की एकाच ठशातून निघालेली नाणी शेजारी ठेवून ताडता येत नाहीत.