बीएसाठी लाखांचं लोन काढताय? पगार आणि हप्त्याचं गणित मांडताना या चुका टाळा

एज्युकेशन लोनच्या टेबलावर काम करते, त्यामुळे अ‍ॅडमिशनच्या सीझनला रोज हेच बघते. खाजगी युनिव्हर्सिटीत बीए लिबरल आर्ट्स, फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला काही लाख, आणि आईबाबांचा पहिला प्रश्न "मॅडम, किती सँक्शन होईल?" किती फेडता येईल हे डोक्यात येतं ते पहिला हप्ता कापला गेल्यावर. आर्ट्स घेऊ नका असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, वाचणारी-लिहिणारी मुलं हवीच आहेत आपल्याला. पण इंजिनिअरिंगच्या पगाराच्या हिशोबाने काढलेलं लोन बीएच्या सुरुवातीच्या पगारातून फिटत नाही.

ब्रोशरमधलं अ‍ॅव्हरेज पॅकेज खरं धरणं. दोन-चार जणांना कन्सल्टिंगमध्ये तगडं पॅकेज मिळालं की सरासरी वर जाते आणि मधल्या मुलाचा पगार कुठेच दिसत नाही. वर बऱ्याचदा तो आकडा फक्त प्लेसमेंट मिळालेल्यांचाच असतो, जे एमएला गेले किंवा अजून इंटर्नशिपच करतायत ते त्यात नसतातच. मी समोरच्यांना कॉलेजच्या वेबसाइटवरची एनआयआरएफची (केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगची) पीडीएफ उघडायला लावते. किती मुलं वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन पगार, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचा पगार, किती, हे त्यात वर्षवार असतं. आकडे कॉलेजनेच भरलेले असतात पण जाहिरातीपेक्षा कितीतरी बरे. मेख एकच, तीन वर्षांच्या सगळ्या डिग्र्या एकाच ओळीत, म्हणजे बीबीएवाले आणि फिलॉसॉफीवाले एकत्र. म्हणून प्लेसमेंट ऑफिसला फोन करायचा आणि आपल्याच मेजरच्या (मुख्य विषयाच्या) मागच्या बॅचचं विचारायचं. सांगत नसतील तर माझ्या मते लोन काढून तिथे जाऊ नका.

सीटीसीला, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाला, पगार समजणं आणि शिकत असतानाचं व्याज विसरणं. या दोन चुका नेहमी जोडीनेच येतात.

सांगलीकडचं एक कुटुंब होतं, वडील झेडपी शाळेत शिक्षक, मुलगी खरंच हुशार, सायकॉलॉजी मेजर. साडेसात लाखांच्या वरचं लोन म्हणून घर तारण ठेवलं. वर्षाला ६ लाख असं तीन वर्षांत १८ लाख उचलले, व्याज ११ टक्के. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही म्हणून सगळे निवांत, पण हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. पहिल्या वर्षीच्या ६ लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन, असं साध्या व्याजानेच ५.९४ लाख झाले. म्हणजे फेड सुरू होताना कर्ज जवळजवळ २४ लाख आणि दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता सुमारे ३३,०००.

तिला नोकरी लागली ६ लाखांची, घरी पेढे वाटले. मग सॅलरी स्लिप आली. महिन्याचे ५०,००० धरले होते, त्यातले ५,००० व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारे, दरमहा न येणारे), कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४,२००, तिचा स्वतःचा पीएफ ३,०००, वर प्रोफेशनल टॅक्सचे २००, हातात आले ३७,६००. यातून ३३,००० बँकेला दिल्यावर पुण्यात रूमचं भाडं कशातून द्यायचं? वडील आले आणि म्हणाले मुदत वाढवून द्या. दिली, पंधरा वर्षं. हप्ता २७,२०० वर आला आणि एकूण फेड गेली ४९ लाखांच्या आसपास. तिला एमए करायचंय, कारण नुसत्या बीएवर कुणी सायकॉलॉजिस्ट होत नाही, आणि ते आता थांबलंय. "हप्ता कमी करून द्या" हा शॉर्टकट मला मनापासून आवडत नाही, पण अशा वेळी दुसरं काही हातात उरत नाही.

माझी सवय उलटीकडून मोजायची. हातात येणाऱ्या पगाराचा चौथा हिस्सा म्हणजे हप्ता, त्याच्या वर नाही. ३७,६०० वर तो होतो ९,४०० आणि त्यात याच अटींवर बसतं साधारण ५ लाखांचं लोन. हा आकडा सांगितला की समोरचे नाराज होतात, घाई तर अशी असते की सीट जाईल म्हणून कॅल्क्युलेटर बघायलाही तयार नसतात. बघा. दहा मिनिटं लागतात.

बीएला शेवटची डिग्री समजणं. आर्ट्समध्ये बरा पगार बहुतेकदा एमए, लॉ, एमबीए, बीएड असं काहीतरी केल्यावरच येतो. लोन काढायचंच तर त्या टप्प्यासाठी जागा ठेवा. अनुदानित कॉलेजात बीए हजारांत होतं, हे पर्याय म्हणून नीट बघा, कमीपणा काही नाही त्यात.

चौथं वर्ष न धरणं. नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्स चार वर्षांचं आहे. मुलाला ते करायचं असेल तर पैसे आजच मोजा.

शिकत असताना एक रुपयाही न भरणं. जमेल तेवढं व्याज दरमहा भरा. पूर्ण व्याज भरत राहिलात तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सूटही देतात, आधी विचारून घ्या.

सबसिडी मिळेलच असं धरून चालणं. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला हप्ता सुरू होईपर्यंतची पूर्ण व्याजमाफी आहे ती टेक्निकल-प्रोफेशनल कोर्सना, बीएला नाही. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या लोनवर व्याजात ३ टक्के सवलत आहे, तीही फक्त कोर्स अधिक एक वर्ष एवढ्या काळापुरती आणि संस्था यादीत असेल तरच. मॅनेजमेंट कोटा चालत नाही.

एज्युकेशन लोनच्या व्याजावरची टॅक्समधली वजावट, जी ८०ई म्हणून ओळखली जाते, जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते, नव्यात विसरा.

आणि लोनच्या आधी युनिव्हर्सिटीकडे फी-माफी मागा. उत्पन्नावर आधारित मदत अनेक ठिकाणी असते, पण पगाराचे कागद दाखवायला लोकांना लाज वाटते, किंवा अ‍ॅडमिशन पक्की झाल्यावर विचारतात आणि तोवर फॉर्मची तारीख गेलेली असते. अर्ज भरतानाच तो फॉर्म भरा, आणि त्यांचा आकडा लेखी हातात आल्यावरच बँकेत या.