फिनलंडला शाळा बघायला जाताय? मग शाळा कमी बघा

आपल्याकडचे शिक्षक तिकडे अभ्यास दौऱ्यावर जातात तेव्हा प्लॅन ठरलेला असतो, पाच दिवसात सहा शाळा, प्रत्येक ठिकाणी मुख्याध्यापकांचं प्रेझेंटेशन, कॉफी, ग्रुप फोटो आणि परत बसमध्ये. मग केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत सांगायला काय उरतं तर इमारत मस्त, वर्गात सोफे, मुलं शांत. हे यूट्यूबवर पण दिसतं हो, त्यासाठी एवढा खर्च कशाला. माझं म्हणणं दोनच शाळा घ्या पण प्रत्येकीत दोन पूर्ण दिवस एकाच वर्गात मागच्या बाकावर बसा.

आधी तारखा. त्यांची उन्हाळी सुट्टी जूनच्या सुरुवातीला लागते ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी चालू असते तेव्हा त्यांच्या शाळा भरलेल्या असतात, शिक्षकाला रजेची कटकटच नाही. 1 मे ला त्यांना सुट्टी असते आणि महिनाअखेरीला निरोप समारंभांची गडबड, म्हणून दुसरा आठवडा धरा. दिवाळीत जाणार असाल तर ऑक्टोबरच्या मध्यात हेलसिंकीकडे आठवडाभर शरद सुट्टी असते ती टाळा. आणि मे असला तरी स्वेटर लागतोच, तिथला मे म्हणजे आपला डिसेंबर.

कागदपत्रं थोडक्यात: झेडपीवाल्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत परवानगीचा अर्ज जानेवारीतच टाका, फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस बसेल सांगता येत नाही. व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा), फी 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामारी असते त्यामुळे फेब्रुवारी-मार्चलाच उरका.

आता खरं काम, शाळेला मेल. तिथल्या बहुतेक शाळा नगरपालिकेच्या, त्यामुळे मुख्याध्यापकांना किंवा शहराच्या शिक्षण विभागाला निदान तीन-चार महिने आधी लिहा. जगभरातून लोक येऊन येऊन कंटाळलेत ते, बऱ्याच ठिकाणी भेटीचे पैसे पण घेतात, आधीच विचारून घ्या. "तुमची शिक्षणपद्धती समजून घ्यायची आहे" असं लिहिलं की मेल गेलाच बाजूला. एकच नेमका प्रश्न लिहा, उदा. पहिली-दुसरीत वाचनात मागे राहिलेल्या मुलाकडे कोण, कधी आणि किती वेळ बघतं. असा प्रश्न वाचून समोरच्याला कळतं की हा माणूस वर्गावर जाणारा आहे. डाएटवाले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) किंवा बीएड-डीएड कॉलेजवाले असाल तर विद्यापीठाच्या सराव शाळा बघाच, हेलसिंकी विद्यापीठाची शहरातल्या वीक्की भागात आहे, तिथे भावी शिक्षक प्रत्यक्ष वर्गावर शिकवतात आणि तास झाल्यावर मार्गदर्शक त्यांच्याशी काय बोलतो हे ऐकायला मिळालं तर सोनं.

वर्गात बसलात की वहीत दोन रकाने पाडा, वेळ आणि काय घडलं. शिक्षक सलग किती मिनिटं बोलला, मुलं कधी हलली, अडलेल्या मुलाकडे कोण गेलं. साधारण 45 मिनिटांचा तास आणि मग पंधरा मिनिटं सुट्टी, थंडी असो बर्फ असो पोरं बाहेरच, एक-दोन शिक्षक चमकणारं जाकीट घालून मैदानात उभे. त्या पंधरा मिनिटांनंतर वर्ग परत शांत व्हायला किती वेळ लागतो तेवढं मोजा, सगळ्या प्रेझेंटेशनपेक्षा जास्त कळेल. जेवणाच्या रांगेत पण उभे राहा. 1948 पासून सगळ्या मुलांना फुकट गरम जेवण आहे, आपल्या पोषण आहारवाल्यांना हा तास दुप्पट कामाचा, मुलं स्वतः वाढून घेतात, शिक्षक त्यांच्याच टेबलावर बसतो आणि ताट उचलून ठेवायचं काम ज्याचं त्याचं. शाकाहारी असाल तर आधी कळवा.

हातकामाचा तास चुकवू नका. 1866 पासून तो तिथे शाळेत आहे, करवत, रंधा, शिलाई मशीन, मुलगा-मुलगी सगळ्यांना सगळं. आपला कार्यानुभव वेळापत्रकात कुठे लपलेला असतो ते आपल्याला माहितीच आहे.

तिकडचं सगळंच भारी असं डोक्यात घेऊन जाऊ नका. 2006 नंतर त्यांचे पिसा (PISA) या 15 वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतले गुण घसरत गेलेत, ऑगस्ट 2025 पासून तास चालू असताना मोबाइल वापरण्यावर कायद्याने निर्बंध आणावे लागले. स्टाफरूममध्ये कॉफी घेताना यावर बिनधास्त विचारा, बहुतेक शिक्षक आडपडदा न ठेवता बोलतात. फक्त प्रश्न विचारून थोडं गप्प बसा, ते विचार करून बोलतात, आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकला की पहिल्याचं उत्तर गेलं.

बारीकसारीक: बऱ्याच शाळांत बूट बाहेर काढतात, मोजे फाटके नकोत. मुलांचे फोटो परवानगीशिवाय अजिबात नाहीत, भिंतीवरच्या तक्त्यांचे विचारून काढा. नऊची वेळ म्हणजे नऊच. शाल-श्रीफळाच्या भानगडीत पडू नका, बालभारतीचं पहिलीचं पुस्तक आणि आपल्या वर्गातल्या पोरांनी काढलेली चित्रं न्या, पोरं लगेच प्रश्न विचारायला लागतात.

रोज रात्री हॉटेलवर टिपणं लिहून टाका, दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळा एकमेकीत मिसळतात. आल्यावर अहवाल लिहिताना "सुसज्ज इमारत" वगैरे दोन ओळीत संपवा आणि पैसे न लागणारी एकच गोष्ट निवडून ती आपल्या वर्गात महिनाभर करून बघितल्यावरच परिषदेत बोला. आणि बोर्डिंग पास फेकू नका, कार्यालय अहवालासोबत मागू शकतं.