‘पुरोगामी महाराष्ट्र’ तपासायचा कसा? अभ्यासगटासाठी

प्रत्येक समाज स्वतःचं एक देखणं चित्र जपतो आणि त्यात न बसणारं नजरेआड ढकलतो. ढकललेल्या भागाला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या मांडणीत छाया म्हणतात. आपलं चित्र म्हणजे ‘पुरोगामी महाराष्ट्र’. ते तपासायला आठ-दहा जण, दीड-दीड तासाच्या दोन बैठका आणि वर्तमानपत्रांची थोडी रद्दी पुरते.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने ‘आम्ही मराठी माणसं…’ अशी सुरुवात करून चिठ्ठीवर पाच वाक्यं लिहायची, नाव न घालता, पाच मिनिटांत. जास्त वेळ दिला तर लोक सावधपणे लिहितात. आपल्याला ओठांवरची वाक्यं हवीत. ‘आम्ही जातपात मानत नाही’, ‘आमच्याकडे मुलगा-मुलगी सारखेच’ ही बहुधा येतातच.

मग प्रत्येक वाक्यासमोर एक कागद ठेवायचा. त्यावर मत नको, नोंद हवी.

मुलगा-मुलगीसाठी जनगणनेतला ० ते ६ वयोगट घ्या. मुलींच्या संख्येला मुलग्यांच्या संख्येने भागा, १००० ने गुणा. महाराष्ट्राचा आकडा २००१ मध्ये ९१३ होता, २०११ मध्ये ८९४. एकूण लोकसंख्येचं गुणोत्तर घेण्याची चूक नेहमी होते. कामासाठी बाहेरून आलेल्या पुरुषांमुळे ते बदलतं आणि वाद भलतीकडेच जातो. त्याच कागदावर हेही लिहा: गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला राज्य कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. दोन्ही खरं आहे.

जातीसाठी वधूवर जाहिराती काढा. ‘आंतरजातीय चालेल’ खाली रेघ मारा आणि पुढचे शब्द वाचा. ‘एससी, एसटी क्षमस्व’ किती ठिकाणी आहे ते मोजा. या ‘क्षमस्व’वर थांबा, घाई करू नका. ज्याच्या तोंडावर दार लावायचं त्याचीच क्षमा मागितली की आपण आपल्या नजरेत सभ्य उरतो. आदर्श चित्र आणि छाया एकाच शब्दात इतकी स्पष्ट क्वचितच दिसतात.

कायदेही असेच वाचावेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची किंवा २०१६ च्या सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्यातली कृत्यांची यादी घ्या. साप चावलेल्याला उपचारांपासून रोखणं गुन्हा ठरवावं लागलं, कारण ते घडत होतं. आपल्या अभिमानाच्या कायद्यातच आपल्या छायेची यादी छापलेली असते.

दुसरी बैठक भाषेची. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. याबद्दलचा कुठलाही मजकूर घ्या आणि कर्ता शोधा. ‘दंगल उसळली’, ‘घरं जाळली गेली’, ‘समाजकंटकांनी’. समाजकंटक म्हणजे समाजाबाहेरचा कुणीतरी. इथेच छाया दुसऱ्यावर ढकलली जाते. अशी पाच वाक्यं कर्ता घालून पुन्हा लिहा: कोणी, कोणाचं, कुठे. एवढ्याने बैठकीतला सूर बदलतो.

बैठक बिघडते ती ठरावीक ठिकाणी. ‘इतर राज्यांत बघा’ हे पहिल्या दहा मिनिटांत येतं. त्याची नोंद करा, उत्तर देऊ नका. गटातल्या दलित व्यक्तीला ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नका. तपासणी चित्र जपणाऱ्यांची आहे, त्या व्यक्तीने साक्ष देण्याची गरज नाही. आणि कुणी ऊर बडवून घेऊ लागलं तर तिथेच थांबवा. ‘आम्ही किती प्रामाणिकपणे कबूल करतो’ हे नवं देखणं चित्र असतं, आणि ते मोडणं जुन्याहून अवघड जातं.

चित्र फाडून टाकायचं नाही. त्यात बरंच खरं आहे. फक्त थोड्यांचं काम सगळ्यांच्या खात्यावर जमा झालंय. म्हणून शेवटी ‘आम्ही मुलींची शाळा काढली’ या वाक्याचाही कर्ता दुरुस्त करा: १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली, आणि त्याच पुण्यातल्या लोकांनी सावित्रीबाईंवर शेण फेकलं. खाली प्रत्येकाने आपल्या घरचे लोक तेव्हा कुठल्या बाजूला होते ते लिहायचं. माहीत नसेल तर जागा कोरी ठेवायची.