लाइव्ह बँड ऐकायला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा (पुणे-मुंबईवाल्यांसाठी)

थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईत गिग (म्हणजे बँडचे लाइव्ह कार्यक्रम) आणि फेस्टिव्हलचा सीझन येतो आणि "पहिल्यांदाच चाललोय, काय काय बघायचं" असं विचारणारं कोणी ना कोणी भेटतंच, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी हे, की सुरुवात मोठ्या फेस्टिव्हलपासून करू नका. २०२३ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा आलं तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटतं लाइव्ह म्युझिक म्हणजे तेवढंच, लांबवर स्टेज, मोठी स्क्रीन आणि महागडं तिकीट. तिथेही धमाल येते, मी नाही म्हणतच नाही, पण चार-पाच माणसं मिळून एक गाणं कसं उभं करतात, ड्रमर बेस गिटारवाल्याकडे बघून कसा इशारा देतो, हे कळतं ते छोट्या क्लबमध्ये, जिथे बँड तुमच्यापासून चार पावलांवर असतो. तिकीटही बरंच कमी असतं, कधी कधी फ्री एंट्री. फक्त वयाचं आधी विचारून घ्या, दारू मिळते अशा बऱ्याच ठिकाणी २१ च्या आतल्यांना सोडत नाहीत. कॉलेजात असाल तर कॉलेज फेस्ट बेस्ट, आयआयटी बॉम्बेच्या मूड इंडिगोमध्ये लाइव्हवायर नावाची बँड्सची स्पर्धा असते, तिथे उद्याचे बँड आजच ऐकायला मिळतात.

आता वेळ. मोकळ्या मैदानातला शो रात्री दहाला बंद होतो असंच धरून चाला, २००० सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमांमुळे दहानंतर बाहेर लाउडस्पीकर चालत नाही (वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं ते वेगळं). हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून १०० मीटरपर्यंतचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मुंबईतल्या धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या थिएटरचे शो याच कारणाने गेले, जिथे १९८६ ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक फेस्टिव्हल वर्षानुवर्षं व्हायचा, आणि जुनी माणसं त्याबद्दल बोलायला लागली की आजही हळहळतात. तर सांगायचा मुद्दा असा की मैदानातला शो दहाला संपतो म्हणून दुपारीच सुरू होतो, आणि तुम्ही सात वाजता पोचलात तर निम्मे बँड वाजवून गेलेले असतात.

आणि माझ्या मते खरी मजा त्या दुपारच्या बँडमध्येच असते. एनएच सेव्हन वीकेंडर हा फेस्टिव्हल २०१० ला पुण्यातच सुरू झाला, तसल्या फेस्टिव्हलला एकाच वेळी दोन-तीन स्टेज चालू असतात आणि मोठ्या नावांसाठी लोक संध्याकाळी येतात, पण उन्हात समोर चाळीस माणसं उभी असताना जो बँड जीव तोडून वाजवतो ना, तो विसरता येत नाही. मी लाइनअप (कोण कोण वाजवणार ती यादी) आला की आधी न ऐकलेले दोन-तीन बँड निवडतो, घरी त्यांची दोन गाणी ऐकतो आणि त्यांच्या वेळेला स्टेजसमोर हजर राहतो. माझे सगळ्यात आवडते बँड असेच सापडलेत.

कुठे उभं राहायचं हे फार महत्त्वाचं. साउंड इंजिनियरचं कन्सोल (सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करायचं बटणांचं टेबल) जिथे असतं त्याच्या थोडं पुढे, मधोमध. तो माणूस तिथे बसून जे ऐकतो त्यावरच मिक्स करतो, म्हणजे सगळ्यात चांगला आवाज तिथेच. एकदम स्टेजला चिकटलात तर ड्रम आणि गिटारचे अँप थेट कानात येतात आणि गायकाचा आवाज दबतो, भिंतीला टेकलात तर नुसता बेस घुमतो. दोन-चार गाणी पुढे, बाकी कन्सोलपाशी असं मी करतो.

कानात इअरप्लग घाला, प्लीज. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, पण १०० डेसिबलला ती मर्यादा फक्त १५ मिनिटांवर येते आणि रॉक शोमध्ये १०० सहज होतात. म्युझिकसाठीचे वेगळे प्लग ऑनलाइन मिळतात, त्यात गाणं स्पष्ट ऐकू येतं, फक्त आवाज कमी होतो. स्पीकरच्या तोंडासमोर तर उभंच राहू नका.

मेटलचा, म्हणजे जोरदार रॉकचा शो असेल तर पुढे मॉश पिट होणार, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांना धक्के देत नाचतात. बाहेरून मारामारी वाटते पण त्याचे नियम कडक आहेत, कोणी पडला की सगळे थांबून त्याला आधी उचलतात, मुद्दाम कोपर मारायचं नाही, ज्याला नकोय त्याला आत ओढायचं नाही. आत जाणार असाल तर चष्मा मित्राकडे द्या, बुटाच्या लेस घट्ट बांधा. सँडल घालून तर जाऊच नका, मैदानात धूळही खूप असते. पुण्यात डिसेंबरात आठनंतर चांगलीच थंडी पडते, जॅकेट लागतं.

बाकी किरकोळ: गर्दीत नेटवर्क जातं, तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि हरवलो तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. बाहेरची पाण्याची बाटली बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे आधी भरपूर पिऊन जा. परत कसं जायचं, शेवटची लोकल किती वाजता, हे निघायच्या आधी बघून ठेवा.

शो संपला की लगेच पळू नका. छोट्या गिगला बँडवाले स्वतःच केबल गुंडाळत असतात, जाऊन बोला, कुठलं गाणं आवडलं ते नाव घेऊन सांगा, त्यांना खूप बरं वाटतं. टी-शर्ट वगैरे विकत असतील तर एखादा घ्या, स्ट्रीमिंगमधून त्यांच्या हातात फारसं काही पडत नाही. पुढचा गिग कधी ते तिथेच विचारा आणि तेव्हा अजून दोघांना घेऊन या, कारण त्या बँडला परत बोलवायचं की नाही हे ठरवताना क्लबवाले दारावर किती लोक आले तेच आधी बघतात.